नोकरी टॉवेलच्या कारखान्यात, लेखन रात्री घरी: मुलीला थांबवावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. ते दोनदा वाचले आणि मगच उत्तराला बसलो. इतर वाचकांसाठी त्यातील आशय थोडक्यात सांगतो. आपले नाव, पेठ आणि कारखान्याचे नाव मी मुद्दाम गाळले आहे.

आपण स्वतः तीस वर्षे यंत्रमागावर काढली. आपली मुलगी वस्त्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेले चौदा महिने सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात नोकरी करीत आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर ती मराठीत ब्लॉग लिहिते आणि त्यावर स्वतःच्या नावाबरोबर कंपनीचे नाव व हुद्दाही देते. गेल्या महिन्यात तिने निर्यातीचा माल कशामुळे नापास होतो यावर लेख लिहिला आणि सोबत लूप, म्हणजे टॉवेलवरचे सुताचे वेढे, ओढल्या गेलेल्या एका टॉवेलचा, कारखान्यातच काढलेला फोटो लावला. त्या फोटोत मागच्या खोक्यावरचे स्टिकर, म्हणजे परदेशी खरेदीदाराचे नाव आणि लॉट क्रमांक, स्वच्छ वाचता येत होते. एचआरने, म्हणजे मनुष्यबळ विभागाने, तिला बोलावून तोंडी समज दिली आणि लेख काढायला लावला. तिचे म्हणणे असे की, घरी बसून, स्वतःच्या मोबाइलवर, राज्यघटनेने दिलेल्या स्वातंत्र्यात लिहिलेल्या मजकुराशी कंपनीचा संबंध नाही, आणि स्टिकर पुसट करून तोच लेख ती पुन्हा टाकणार आहे. आपण विचारता की तिला लिहिणे बंद करायला सांगावे का, टोपणनावाने लिहिले तर चालेल का, आणि या प्रकारानंतर दुसरी कंपनी तिला घेईल का.

लिहिणे बंद करायला सांगू नका. कंपनीने मात्र तो लेख काढायला सांगितले, यात मला कंपनीची चूक दिसत नाही.

आधी राज्यघटनेविषयी, कारण तरुण मुलांचा तिथेच घोटाळा होतो. कलम 19 मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे मुख्यतः शासनाच्या हस्तक्षेपापासून मिळालेले संरक्षण आहे. खासगी कंपनी आणि तिचा कर्मचारी यांच्यातील व्यवहार नियुक्तिपत्र आणि त्यासोबत सही केलेल्या अटी यांवर चालतो. इंटरनेटवरील ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले तेव्हापासून ‘आता इंटरनेटवर काहीही लिहिता येते’ असा समज महाविद्यालयांतून ऐकू येतो, पण त्या निकालाने ना बदनामीचा कायदा रद्द झाला, ना नोकरीतील गोपनीयतेची अट. तेव्हा मुलीला तिचे नियुक्तिपत्र कपाटातून काढायला सांगा आणि तिच्याबरोबर बसून वाचा. गोपनीयता, बौद्धिक संपदा आणि प्रसारमाध्यमांशी संपर्क, या तीन विषयांवरची कलमे त्यात बहुधा सापडतील. माझ्याकडे येणाऱ्या दहातील नऊ मुलांनी आपले नियुक्तिपत्र पगाराच्या आकड्यापुढे वाचलेले नसते.

आता तिच्या लेखनाविषयी. आपण पाठवलेले चारही लेख मी वाचले. नवा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी का पीत नाही, हा लेख मला विशेष आवडला. दुकानात हाताला मऊ लागावे म्हणून फिनिशिंगमध्ये सॉफ्टनर देतात, त्यातही सिलिकॉनचे असेल तर धाग्यावर त्याचा पातळ थर बसतो, पाणी आत शिरत नाही, आणि दोन-तीन धुण्यांनंतर तो टॉवेल ताळ्यावर येतो, हे तिने इतक्या सोप्या रीतीने सांगितले आहे की आमच्या घरीही तो वाचला गेला. जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन, कसा काढतात तेही तिने असेच उलगडले आहे: गोल कटरने शंभर चौरस सेंटीमीटरचा तुकडा कापायचा, तो काट्यावर ठेवायचा, आणि साडेचार ग्रॅम भरला तर टॉवेल 450 जीएसएमचा.

या दोन्ही लेखांत कोणत्याही कंपनीचे काहीही उघड होत नाही. हे ज्ञान तिच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते आणि ती उद्या नोकरी सोडून गेली तरी तिच्याबरोबरच जाईल. याउलट कोणत्या खरेदीदाराचा कोणता लॉट का नापास झाला, सॉफ्टनर किती टक्के दिले, भाव काय ठरला, प्रयोगशाळेचा अहवाल काय आला, ही माहिती कंपनीच्या फाइलीतली आहे. ती माहिती तिला पगारी कामामुळे कळली, एरवी कळली नसती. लेख लिहिताना प्रत्येक वाक्यापाशी तिने स्वतःला एवढेच विचारावे की, हे मी या कारखान्यात नसते तरी मला लिहिता आले असते का? उत्तर नाही असे आले, तर ते वाक्य कंपनीला विचारल्याशिवाय लिहू नये.

यामुळे लेखन निर्जीव होईल, अशी तिची तक्रार असेल तर तिला एक प्रयोग सुचवतो. नवी पेठेतून एक साधा टॉवेल स्वतःच्या पैशाने विकत आणावा. त्याचा लहान तुकडा घरच्या बादलीत पाण्यावर सोडावा आणि तो बुडायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजावे. मग तोच टॉवेल एकदा, दोनदा, तीनदा धुऊन दर वेळी पुन्हा मोजावे. लूप ओढली गेल्याचा फोटो हवा असेल तर खिळ्यात अडकवून घरीच ओढावी. टॉवेल तिचा, बादली तिची, घड्याळ तिचे. त्या लेखाबद्दल तिला कोणी केबिनमध्ये बोलावणार नाही आणि वाचकालाही नापास लॉटच्या गोष्टीपेक्षा त्यातून अधिक मिळेल.

मालकीचा मुद्दाही इथेच येतो. 1957 च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. तिने क्वालिटी विभागासाठी बनवलेले तक्ते, अहवाल, सादरीकरणे कंपनीची आहेत, मग ती तिने कितीही रात्री जागून केलेली असोत. घरी, सुट्टीच्या वेळात, कामाचा भाग नसलेला लेख तिचा आहे, आणि तो तसाच राहावा म्हणून तिने तो कंपनीच्या संगणकावर किंवा कामाच्या वेळेत लिहू नये. कारखाना शेअर बाजारात नोंदलेल्या समूहाचा असेल तर आणखी एक गोष्ट आहे. मोठी ऑर्डर मिळाली किंवा रद्द झाली, ही बातमी जाहीर होण्यापूर्वी कर्मचाऱ्याने लिहिणे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 2015 च्या नियमांच्या कक्षेत येऊ शकते, आणि तिथे ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटका होत नाही.

कंपनीचे नाव आणि हुद्दा लावण्याविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका संस्थेत नोकरीला असताना प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांवर एका दैनिकात लेख लिहिला. लेख माझ्या मते सौम्य होता. संपादकांनी कौतुकाने माझ्या नावाखाली संस्थेचे नाव आणि हुद्दा छापला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावले. मते त्यांना पटली होती, तसे ते म्हणालेही. पण ‘हे तुम्ही म्हणता की आम्ही?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण नावाखालच्या त्या एका ओळीने मी दोघांच्या वतीने बोललो होतो. तेव्हा मुलीने ओळखीत सध्या ‘सोलापूरच्या वस्त्रोद्योगात काम करते’ एवढेच ठेवावे. ‘ही मते माझी वैयक्तिक आहेत’ असे तळाला लिहावे, ते योग्यच आहे, पण गोपनीय माहिती उघड झाल्यावर ती ओळ उपयोगी पडत नाही.

टोपणनावाचा मार्ग मला पटत नाही, आणि याचे कारण नैतिक नाही. मराठीत ती परंपरा मोठी आहे. गोपाळ हरी देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत असतानाच 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकामध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने लिहीत होते. पण सोलापूरच्या टॉवेल धंद्यात टोपणनाव आठ दिवस टिकणार नाही. सुताला खळ देणारा साइझिंगवाला, रंगवाला, ट्रान्सपोर्टवाला, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि लपवून लिहिणारी व्यक्ती सापडली की साध्या लेखातही लोक हेतू शोधतात. शिवाय टोपणनावाने लिहिले तर त्या लेखनाचे श्रेय नोकरीसाठी मुलाखत देताना कसे मागणार?

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत मार्क जेन नावाचा तरुण जानेवारी 2005 मध्ये गूगलमध्ये रुजू झाला, तिथल्या पगार-सुविधांवर आणि अंतर्गत गोष्टींवर ब्लॉगमधून लिहू लागला, आणि महिना संपण्याच्या आत त्याची नोकरी गेली. त्याच काळात मायक्रोसॉफ्टमध्ये रॉबर्ट स्कोबल स्वतःच्या नावाने, कंपनीचे नाव सांगून, प्रसंगी कंपनीवर टीकाही करीत लिहीत होता आणि ती कंपनी त्याच्या लेखनामुळे अधिक मोकळी वाटू लागली होती. पहिला कमी हुशार होता असे नव्हे. दुसऱ्याच्या वरिष्ठांना तो काय लिहितो ते माहीत होते आणि ते त्याच्या पाठीशी होते. पहिल्याला रुजू होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. 2005 मध्येच आयबीएमने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ब्लॉगलेखनाची नियमावली काढली, तीही ब्लॉग लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांनीच मिळून तयार केलेली. आपल्याकडच्या मध्यम कारखान्यांत अशी नियमावली सहसा नसते, त्यामुळे एचआरलाही नेमके काय सांगावे हे कळत नाही, आणि मग ‘लिहूच नका’ हे सर्वांत सोपे उत्तर दिले जाते.

म्हणून पहिले पाऊल मुलीने उचलावे. तिने एचआरला आणि आपल्या विभागप्रमुखांना एक छोटा ई-मेल लिहावा. त्या फोटोत खरेदीदाराचे नाव आले ही चूक झाली, लेख काढला आहे, असे पहिल्या दोन ओळींत सरळ लिहावे. तिथे राज्यघटना, कलम, स्वातंत्र्य यांपैकी काहीही आणू नये. पुढे विचारावे की, टॉवेल व कापडाविषयी सर्वसाधारण माहितीपर लेख ती कंपनीचे नाव न घेता लिहू इच्छिते, त्याला हरकत आहे का. कारखान्याशी संबंधित काही लिहायचे झाल्यास मसुदा कोणाला दाखवावा. आणि उत्तराची किती दिवस वाट पाहावी. तोंडी ‘हो हो, लिही’ मिळाले तर त्याच दिवशी ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ते ई-मेलने नोंदवून ठेवावे. उत्तरच आले नाही तर तिने ती परवानगी समजू नये; पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे. कंपनीने बादली-टॉवेलच्या लेखालाही नकार दिला, तर मात्र ती कंपनी तिच्यासाठी किती वर्षांची, याचा विचार तिने शांतपणे करावा, आणि त्या वेळी मला पुन्हा लिहावे.

दुसरी कंपनी घेईल का, या प्रश्नाला माझे उत्तर आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. मला तिचे लेख वाचून तिची जागा क्वालिटी विभागापेक्षा मर्चंडायझिंगमध्ये दिसते. मर्चंडायझरचे निम्मे काम लिहिण्याचे असते: खरेदीदाराला काय हवे ते समजून घेणे, ते मागावरच्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगणे, आणि माल अडला की खरेदीदाराला विश्वास बसेल असे पत्र लिहिणे. कापड कळते आणि लिहिताही येते अशी माणसे सोलापुरात काय, इचलकरंजी, पानिपत किंवा करूर या कापडधंद्याच्या इतर गावांमध्येही शोधावी लागतात. तिने इंग्रजी पत्रव्यवहाराचा सराव सुरू करावा आणि सध्याच्या कारखान्यातच त्या विभागात काही महिने काम करण्याची विनंती करावी. पुढे मुलाखतीला जाताना सहा-सात निवडक लेखांची छापील प्रत न्यावी. त्यात पूर्वीच्या मालकाचे एकही गुपित नाही, हे पाहून समोरच्याला तिच्याबद्दल जे कळेल ते प्रमाणपत्रातून कळत नाही.

राज्यसेवेच्या परीक्षेचा विचार आहे असेही आपण ओझरते लिहिले आहे. तिकडे नियम अधिक कडक आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्याची मुभा कर्मचाऱ्याला देत नाहीत, हे तिने आताच जाणून घ्यावे. लग्नाच्या बोलण्यांत इंटरनेटवरचे नाव आड येईल, ही आपली काळजी मात्र करिअरचा विषय नाही. तरी एवढे म्हणतो की, ती मुलगा असती तर ही काळजी आपण पत्रात लिहिली नसती.

राहिला तो पुसट केलेला फोटो. तो तिने लावू नये. स्टिकर पुसले तरी त्या टॉवेलची डॉबी किनार, म्हणजे विणीतच नक्षी काढलेली पट्टी, फोटोत स्वच्छ दिसते, आणि नुसती किनार पाहून माल कोणत्या शेडमधला, कोणत्या खरेदीदाराचा हे सांगणारी माणसे या गावात कमी नाहीत. तीस वर्षे मागावर काढलेले आपण स्वतः त्यांतलेच एक असाल. तो फोटो एकदा हातात घेऊन किनारीवरून आपल्याला काय काय ओळखता येते ते तिला सांगा. ती आपले ऐकेल.