स्कॅनर कुणाच्या हातात?

प्रश्न असा आला आहे: "आमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. नव्या पाकिटावर क्यूआर कोड छापतोय. डिझाइन करणाऱ्या मुलानं त्याखाली 'स्कॅनर स्कॅन करा' असं लिहिलंय. माझ्या सासूबाई शिक्षिका होत्या. त्या म्हणतात, स्कॅनर म्हणजे वाचणारं यंत्र, ते मोबाइलमध्ये असतं; कागदावरच्या ठशाला स्कॅनर कसं म्हणता? पण बाजारात तर सगळे तेच म्हणतात. मग चुकतंय कोण? आणि याला एखादा चांगला मराठी शब्द आहे का?"

आधी उत्तर सांगते. सासूबाई बरोबर आहेत, बाजारही बरोबर आहे, आणि तरी पाकिटावर 'स्कॅनर' छापू नका. आता हे तिन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं ते बघू.

गेल्या आठवड्यात मंडईत मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. सुटे नव्हते. मावशींनी मान न वळवता सांगितलं, "स्कॅनर तिकडं, काट्याच्या मागं." काट्यामागं जाड पुठ्ठ्यावर कोड चिकटवलेला, वरून पारदर्शक टेप, एका कोपऱ्यात पाणी शिरून शाई पसरलेली. माझ्या मागच्या मुलानं विचारलं, "मावशी, स्कॅनर चालतोय ना?" त्या म्हणाल्या, "चालतोय की. आत्ता ताईंनी मारला नाही का?" तेवढ्यात जुड्यांच्या ढिगातून डबी बोलली, चाळीस रुपये प्राप्त झाले. अर्ध्या मिनिटाच्या या बोलण्यात यंत्राचा विचार एकाच्याही मनात नव्हता. तिथं 'स्कॅनर' म्हणजे तो पुठ्ठा, आणि कुणाचाही कसलाही घोटाळा झाला नाही. ज्या शब्दानं घोटाळा होत नाही त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या साहित्यशास्त्रात याला नाव आहे: लक्षणा. जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं तिच्या अटी सांगितल्या आहेत. शब्दाचा मूळ अर्थ त्या वाक्यात बसत नसला पाहिजे, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी काहीतरी संबंध असला पाहिजे, आणि त्यामागं रूढी किंवा काही हेतू असला पाहिजे. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे त्याचं जुनं उदाहरण. गवळीवाडा पाण्यावर नसतो, काठावर असतो. आता 'स्कॅनर काट्याच्या मागं' हे वाक्य घ्या. वाचणारं यंत्र काट्यामागं नाही, म्हणून मूळ अर्थ बसत नाही. यंत्र ज्याला वाचतं ती वस्तू तिथं आहे, म्हणून संबंध आहे. आणि रूढी तर गावोगाव आहे. तिन्ही अटी पुऱ्या होतात.

आपल्या स्वयंपाकघरात तर हा प्रकार रोज चालतो. 'गॅस' हा एकच शब्द बघा. 'गॅस आला' म्हणजे सिलिंडर आला. 'गॅसवर ठेव' म्हणजे शेगडीवर. 'गॅस बारीक कर' म्हणजे ज्योत. 'गॅस संपला' म्हणजे खरोखरचा गॅस. चार वस्तू, एक शब्द, आणि सहा वर्षांच्या पोरालासुद्धा कधी प्रश्न पडत नाही. 'दळण'ही तसंच. 'दळण टाकून ये' म्हटलं तर डब्यात गहू असतात आणि 'दळण घेऊन ये' म्हटलं तर पीठ. 'लाईट गेली' यात दिवा कुठं जात नाही, वीज जाते. आणि ती 'गेली' हे स्त्रीलिंगही मला वाटतं विजेकडूनच आलं.

मग 'स्कॅनर'च का, 'कोड' का नाही? याचं माझं उत्तर अंदाजाचं आहे, पण मला पटलेलं आहे. पाकिटावरच्या पट्ट्यांचा बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय या गावी. वस्तू होती च्युइंगगमचं पुडकं. तेव्हापासून वाचणारं यंत्र दुकानदाराकडे आणि वाचली जाणारी खूण गिऱ्हाइकानं उचललेल्या मालावर, अशी मांडणी होती. आपणही मॉलमध्ये तेच पाहिलं: काउंटरवरचा लाल उजेड म्हणजे स्कॅनर. यूपीआय २०१६ साली आलं आणि पुढच्या काही वर्षांत मांडणी उलटी झाली. खूण दुकानात लटकली आणि यंत्र गिऱ्हाइकाच्या खिशात गेलं. शब्द मात्र काउंटरवरच राहिला. दुकानात पैसे घेण्यासाठी जे काही ठेवलेलं असतं ते 'स्कॅनर', हा अर्थ लोकांनी तसाच पुढं चालवला.

सासूबाईंना हे सांगून बघा. शिक्षिका आहेत, त्यांना आणखी एक गोष्ट आवडेल. 'स्कॅन' हे इंग्रजी क्रियापद लॅटिनमधल्या 'चढणे' या अर्थाच्या धातूपासून आलं, आणि इंग्रजीत त्याचा जुना अर्थ होता कवितेचं वृत्त मोजणं. म्हणजे आपण शाळेत ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करून गण पाडायचो तेच काम. काळा-पांढरा चौकोन वाचताना मोबाइलही तसंच काहीतरी करतो: हा काळा, हा पांढरा, हा काळा.

आता मराठी शब्दाचं बघू. 'त्वरित प्रतिसाद संकेत' किंवा 'शीघ्र प्रतिसाद संकेतांक' असे प्रतिशब्द सुचवता येतात. मला ते नको वाटतात. ते वस्तूचं नाव नाही, तिच्या इंग्रजी नावातल्या दोन अक्षरांचा, म्हणजे 'क्विक रिस्पॉन्स'चा, उतारा आहे. शिवाय त्या अक्षरांत तरी काय आहे? जपानमध्ये १९९४ साली डेन्सो या मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या मासाहिरो हारा यांच्या छोट्या गटानं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा कोड बनवला. बारकोडमध्ये जेमतेम वीस-एक अक्षरं मावायची आणि एकेका खोक्यावर अनेक बारकोड वाचत बसावे लागायचे. याच्यात ७,०८९ पर्यंत आकडे मावतात. काळ्या-पांढऱ्या चौकटींची कल्पना हारांना गो या पटावरच्या खेळावरून सुचली. 'पटकन वाचला जातो' हे तेव्हाच्या कामगाराला सांगायचं होतं, म्हणून ते नाव पडलं. डेन्सोच्याच डेन्सो वेव्ह या कंपनीनं आपला पेटंटचा हक्क बजावला नाही, म्हणून तो जगभर पसरला. 'क्यूआर कोड' हे नाव मात्र आजही त्या कंपनीचं नोंदणीकृत चिन्ह आहे. म्हणजे 'झेरॉक्स'सारखंच हेही एका कंपनीचं नाव आपण सामान्यनाम म्हणून वापरतो आहोत. असल्या नावाचं भाषांतर करण्यात मला काही हशील दिसत नाही.

'संकेत' हा शब्द मात्र मला फार प्रिय आहे, त्याची बाजू घेतल्याशिवाय पुढं जात नाही. 'संकेतस्थळ' हा शब्द आपण वेबसाइटला लावला. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रियकर-प्रेयसीनं भेटायची ठरवलेली गुपित जागा. एवढा सुंदर शब्द रोजच्या वापरात रुळला आहे, तर त्याच्या मागंपुढं 'त्वरित' आणि 'शीघ्र' लावून त्याला सरकारी परिपत्रकात कोंबू नये.

मनात येणारा दुसरा शब्द 'कोडं'. रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्याच्याही काळ्या-पांढऱ्या चौकटीच असतात, त्यामुळे 'चौकटकोडं' म्हणावंसं मला फार वाटतं. पण कोडं माणसानं सोडवायचं असतं आणि हा ठसा माणसाला वाचताच येत नाही. शब्द गोड आहे, पण काम बरोबर सांगत नाही. म्हणून माझं मत: लिहिताना 'क्यूआर कोड', आणि पुढं नुसतं 'कोड'. काय आहे ते दाखवायचं असेल तिथं 'चौकोन' हा साधा शब्द उत्तम चालतो.

आता तुमचं पाकीट. मी छपाईला जाणारा मजकूर तपासायचं काम करते, त्यामुळे इथं थोडी रेंगाळणार आहे.

कोड जाहिरातीत येऊन बरीच वर्षं झाली, पण आधी तो वाचायला वेगळं ॲप घ्यावं लागायचं आणि तेवढ्यासाठी कोण थांबतो? २०१७ मध्ये आयफोनच्या साध्या कॅमेऱ्यालाच तो वाचता येऊ लागला, इतर फोनही त्याच वाटेनं गेले, आणि जाहिरातवाल्यांना तो पुन्हा सापडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सुपर बोल सामन्याच्या वेळी कॉइनबेस या आभासी चलनाच्या कंपनीनं मिनिटभराची जाहिरात केली. बराच वेळ काळ्या पडद्यावर रंग बदलत इकडून तिकडे तरंगणारा नुसता कोड दिसत राहिला, शब्द एकही नाही. इतक्या लोकांनी एकाच वेळी फोन रोखले की कंपनीची यंत्रणा काही काळ कोलमडली. तिथं गूढच विकायचं होतं, म्हणून शब्दांची गरज पडली नाही. मसाला विकताना ते चालणार नाही.

आपल्याकडे तर काही जाहिरातींत कोड ही हौस राहिलेली नाही, सक्ती आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणानं, गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक केला. तो वाचला की प्रकल्पाची नोंदणी आणि माहिती समोर येते. त्याच तारखेपासून देशात ठरावीक ३०० औषधांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. एका बिल्डरच्या पत्रकाचा मजकूर माझ्याकडे आला होता. कोडखाली ओळ होती: 'अधिक जाणून घेण्यासाठी येथे स्कॅन करा'. ही मराठी नाही. 'अधिक' म्हणजे किती, 'येथे' म्हणजे कुठं, आणि काय जाणून घ्यायचं? मी सुचवलं: 'मंजूर नकाशे आणि नोंदणी पाहायची असेल तर मोबाइलचा कॅमेरा या चौकोनावर धरा.' लांब झालं म्हणून ते नाकारलं गेलं. मला आजही तीच ओळ बरोबर वाटते, कारण त्यात काय उघडणार हे आधी कळतं, आणि हातानं नेमकं काय करायचं तेही कळतं. 'धरा' हे क्रियापद बघा. छत्री धरतो, आरसा धरतो, तसाच कॅमेरा धरायचा. 'स्कॅन' न कळणाऱ्या आजीलाही 'धरा' कळतं.

म्हणून तुमच्या पाकिटावर: 'या मसाल्याची मटकीची उसळ कशी करायची ते बघायला मोबाइलचा कॅमेरा या चौकोनावर धरा.' जागा कमीच असेल तर 'उसळीची कृती पाहा: कोड स्कॅन करा.' आणि डिझाइन करणाऱ्या मुलाला एक सांगा. कोडभोवती चारी बाजूंनी पांढरा समास सोडायचा, कोडातल्या बारीक चौकोनांच्या मापानं निदान चार चौकोन रुंद. तो लाल मसाल्याच्या चित्राला चिकटवला तर वाचला जाईलच असं नाही. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन झाकायचे नाहीत, कॅमेऱ्याला सरळ-उलटं त्यांच्यावरून कळतं. मधे थोडा डाग पडला, अगदी तुमचं बोधचिन्ह छापलं, तरी निभावतं. कोड बनवताना दुरुस्तीची सोय जास्तीत जास्त ठेवली असेल तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. मावशींचा भिजलेला पुठ्ठा चालत होता तो त्यामुळेच.

छापील मजकुरात 'स्कॅनर' नको म्हणण्याचं खरं कारण मी शेवटी ठेवलं, कारण ते माझ्या फार जवळचं आहे. मंडईत कोड कुणाचा आणि पैसे कुणाला, हे समोर दिसतं. फोनवर आणि छापलेल्या कागदावर ते दिसत नाही. फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात: 'तुमचं बक्षीस पाठवलंय, पैसे मिळवायला हा स्कॅनर स्कॅन करा.' ऐकणाऱ्याच्या डोक्यात 'स्कॅनर' म्हणजे पैसे घेण्याची दुकानातली वस्तू. तो आपल्यापर्यंत आलाय म्हणजे आता पैसे आपल्याला मिळणार, असं वाटणं किती सोपं आहे! खरं तर पैशाच्या कोडवर जो कॅमेरा धरतो तोच पैसे देतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त काकांचे असेच पैसे गेले. ते मला म्हणाले, "अगं, तो स्कॅनर त्यानं दिला होता ना, मग पैसे तो देणार असंच वाटलं." त्या दिवसापासून कुठल्याही मजकुरात मी ठशाला 'कोड' आणि वाचणाऱ्याला 'कॅमेरा' असं वेगवेगळं लिहिते, आणि कुणी दोन्हींना एकच शब्द लावला तर लाल पेन उचलते. तुमच्या पाकिटावर पैशाचा व्यवहार नसेल, तरी लोकांची सवय अशाच छोट्या ओळींतून घडते.

लेखनाबद्दल एवढंच: 'क्यूआर' सलग, मधे टिंबं नकोत, 'कोड' पुल्लिंगी, अनेकवचनही 'कोड'. 'कोडवर', 'कोडखाली' असंच लिहा, 'कोडावर' नको, आपल्या त्वचेवरच्या 'कोडा'शी गल्लत होते. परके शब्द पूर्ण आपले झाले की त्यांचं सामान्यरूप होतं. 'टेबलावर' म्हणताना आता कुणी थबकत नाही. 'स्कॅनर' अजून 'स्कॅनरवर'पाशीच आहे असं मी समजत होते, पण परवा एसटी स्टँडवर एक उसाचा रसवाला पलीकडच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "दादा, स्कॅनरावर टाका."