बदलापुरात गल्लीचा रस्ता करून घ्यायचा तर नगरपरिषदेत कोणाला गाठायचं?

नगरसेवकाला भेटाच, पण तेवढ्यावर थांबू नका. बदलापूर ही नगरपरिषद, म्हणजे कारभार 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार. ठराव सभेत होतो, अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांकडे. त्यामुळे अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, बांधकाम विभागात द्यायचा आणि आवक शिक्क्याची पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा!

मंजुरीनंतर अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) असा प्रवास. पावसाळ्यात कामं जवळपास बंदच, म्हणून दिवाळीआधीच मागे लागा. अर्जात गटाराचा उल्लेख हवाच. नाहीतर रस्ता वर येतो आणि पाणी तळमजल्यांत शिरतं.

प्रभाग समिती शोधत असाल तर, घटनेने ती 3 लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांनाच बंधनकारक केली आहे. 2011 च्या जनगणनेत बदलापूर पावणेदोन लाखांच्या आसपास होतं. म्हणून सोसायट्यांनी एकत्र सह्या करून जाणं जास्त उपयोगी.

रस्ता झाला आणि लगेच उखडला, तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात कार्यादेशाची प्रत मागा. दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदार जबाबदार राहण्याची मुदत) संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने.