दोन खोल्या ठरल्या, एकच मिळाली. ॲडव्हान्स बुडाला का?

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो. मे महिन्यात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहा जण तीन रात्रींसाठी मालवणजवळ देवबागला गेलो. इन्स्टाग्रामवर ‘बीच टच एसी रूम, घरगुती जेवण’ अशी जाहिरात होती. खोलीला रोज २,८०० रुपये, दोन खोल्यांचे तीन रात्रींचे १६,८०० ठरले. निम्मे, म्हणजे ८,४०० रुपये माझ्या यजमानांनी (नवऱ्यानं) यूपीआयने पाठवले. ज्या खात्यात गेले, ते तिथल्या घरमालकाच्या भाच्याचं होतं. ‘दोन रूम कन्फर्म’ असा मालकाचा व्हॉट्सॲप मेसेज माझ्या फोनवर आहे. पोहोचलो तर एक खोली दुसऱ्या ग्रुपला दिलेली. ‘म्हाताऱ्यांना हॉलमध्ये गाद्या टाकून देतो,’ असं उत्तर मिळालं. मिळालेल्या खोलीचा एसी बंद होता आणि घर समुद्राकडे नसून खाडीच्या अंगाला होतं. आम्ही तिथे जेवलो, त्याचे १,१०० रुपये वेगळे दिले आणि तासाभरात निघालो. मालवणात लॉजवर खोलीला रोज ३,६०० रुपयांनी दोन खोल्या घेऊन तीन रात्री राहिलो. मालक आता म्हणतो, ‘तुम्हीच सोडून गेलात, ॲडव्हान्स नॉन-रिफंडेबल आहे.’ रागाच्या भरात मी रिव्ह्यूमध्ये ‘चोर आहेत’ असं लिहिलं, त्याचा मोबाइल नंबरही टाकला. तो अब्रुनुकसानीचा दावा लावीन म्हणतो. पैसे मिळतील का? आणि दिवाळीत गुहागरला जायचंय, तेव्हा काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी रिव्ह्यूचं उरका, कारण तुमच्या बाजूची कमजोर कडी तीच आहे. ‘चोर’ हा शब्द आणि मोबाइल नंबर आजच काढा. रिव्ह्यू मात्र पुसू नका. ‘अमुक तारखेला दोन खोल्या कन्फर्म केल्या होत्या, एकच दिली, ८,४०० रुपये परत दिले नाहीत’ एवढंच ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला अपवाद आहेत. सार्वजनिक हितासाठी केलेलं खरं विधान हा त्यातला पहिला. खोली न देणं हे तुम्ही कागदावर सिद्ध करू शकता. चोरी सिद्ध करू शकत नाही, कारण ती चोरी नाहीच. जुन्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट त्यानं घेतला असेल हे धरून चाला, पण वेळीच दुरुस्त केलेला मजकूर तुमच्या बाजूनं बोलतो. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत. ‘पोलीस घरी येतील’ या धमकीनं रात्रीची झोप घालवू नका.

आता पैशाकडे. ‘तुम्हीच सोडून गेलात’ या वाक्यावर मालकाचा सगळा डोलारा उभा आहे आणि तो टिकत नाही. गिऱ्हाइकानं मन बदलून बुकिंग रद्द करणं वेगळं आणि ठरलेली गोष्ट मालकानं न दिल्यामुळे गिऱ्हाइकानं निघून जाणं वेगळं. एक बाजू ठरल्याप्रमाणे करायला नकार देते तेव्हा दुसरी बाजू करार संपवू शकते, हे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३९ सांगतं. त्यात एक मेख आहे. बोलण्यातून किंवा वागण्यातून ‘चालेल’ असं दाखवलंत तर हा हक्क जातो. एक रात्र हॉलमध्ये काढून दुसऱ्या दिवशी निघाला असता तर मालकाचं म्हणणं जड झालं असतं. तुम्ही तासाभरात निघालात हे चांगलं केलंत. जेवलात म्हणून काही बिघडत नाही. जेवणाचे पैसे वेगळे दिलेत, खोलीशी त्याचा संबंध नाही.

नॉन-रिफंडेबलचा नियम, असलाच तर, तुम्ही रद्द केल्यास लागू. स्वतः खोली न देणाऱ्याला त्याच्या आडोशाला उभं राहता येत नाही. इथे एक तांत्रिक खड्डा सांगून ठेवतो. रागानं ग्राहक आयोगातल्या तक्रारीत ‘ही अटच अनुचित (ग्राहकावर अन्याय करणारा, एकतर्फी) करार म्हणून रद्द करा’ अशी मागणी घालू नका. अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य ग्राहक आयोगाला आहे, जिल्हा ग्राहक आयोगाला नाही. त्या एका ओळीनं तुमची साधी तक्रार अधिकारक्षेत्राच्या वादात अडकेल. तुमचा मुद्दा ‘सेवेतील त्रुटी’ एवढाच ठेवा.

तुमच्या तिन्ही तक्रारी सारख्या वजनाच्या नाहीत. ‘दोन रूम कन्फर्म’ हा लेखी मेसेज आणि प्रत्यक्षात एक खोली, हे पक्कं नाणं. एसीचा उल्लेख जाहिरातीत आहे, पण ‘वीज गेली होती, तासाभरात सुरू होणार होता’ असं मालक म्हणेल. बंद एसीचा व्हिडिओ नसेल तर त्यावर फार भर देऊ नका. ‘बीच टच’चं आणखी अवघड. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे खाडीकाठचा माणूसही ‘चालत समुद्र’ म्हणू शकतो. हा मुद्दा लिहा, पण तिसऱ्या नंबरवर.

रक्कम नीट मोजू, कारण बहुतेक तक्रारी इथेच फुगतात. लॉजचे २१,६०० पूर्ण मागता येणार नाहीत. देवबागला राहिला असतात तरी १६,८०० गेलेच असते. तुमचं जादा नुकसान २१,६०० वजा १६,८००, म्हणजे ४,८००. त्यात बुडालेले ८,४०० मिळवले की १३,२०० होतात. मालवणला परतायचे रिक्षाचे पैसे मागू नका. परतीला ते लागलेच असते, आणि अशी एक ओढून ताणून घातलेली रक्कम बाकीच्या आकड्यांवर शंका आणते. यावर व्याज, मानसिक त्रासासाठी दहा हजारांच्या आसपास आणि तक्रारीचा खर्च मागा. किती द्यायचं ते आयोग ठरवतो. दोन लाख मागितले म्हणून वीस हजार मिळतात, हा समज सोडून द्या.

आता पुरावा, आणि तो याच आठवड्यात. इन्स्टाग्रामची पोस्ट कधीही उडेल. नुसता स्क्रीनशॉट न घेता प्रोफाइल उघडण्यापासून पोस्टच्या मजकुरापर्यंत स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि लिंक लिहून ठेवा. व्हॉट्सॲपचं संभाषण ‘एक्सपोर्ट चॅट’ करून स्वतःला ईमेल करा. व्हॉइस मेसेज असतील तर मीडियासकट. फोन बदलायचा असेल तरी जुना फोन फॉरमॅट करू नका, कारण इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडताना मूळ उपकरणाचा तपशील द्यावा लागतो. यजमानांच्या बँक स्टेटमेंटवर त्या व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर असेल, त्या पानाची प्रत घ्या. लॉजचं बिल तारखेसह हवं. बिल घेतलं नसेल तर आज फोन करून मागवा. ४,८०० रुपयांचा मुद्दा त्या एका कागदावर उभा आहे.

मग नोटीस. वकिलाचीच हवी असं नाही. मजकूर एवढा पुरे :

‘अमुक तारखेला आपण व्हॉट्सॲपवर दोन खोल्या तीन रात्रींसाठी निश्चित केल्या व ८,४०० रुपये आगाऊ स्वीकारले (यूटीआर क्रमांक …). आम्ही पोहोचलो असता एकच खोली उपलब्ध करून दिली. त्यामुळे आम्हाला अन्यत्र राहावे लागून ४,८०० रुपये जादा खर्च आला. एकूण १३,२०० रुपये ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पुढील खात्यावर जमा करावेत. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील.’

नोटीस मालक आणि भाचा दोघांच्या नावे काढा. पैसे ज्याच्या खात्यात गेले तो ‘माझा काय संबंध’ म्हणतो आणि ज्यानं खोली दिली नाही तो ‘मला पैसे मिळालेच नाहीत’ म्हणतो. दोघं समोर असले की ही पळवाट बंद. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवून पोच जपा. तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही टाका. मालकाचं पूर्ण नाव-पत्ता नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. पर्यटन संचालनालयाच्या न्याहरी व निवास योजनेत घर नोंदलेलं असेल, तर तिथेही नाव मिळेल.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला हरकत नाही, फुकट आहे. पण ती मोठ्या कंपन्यांशी व्यवहार असेल तेव्हा जास्त कामाला येते. देवबागच्या घरमालकाला तिचा धाक वाटेल अशी आशा ठेवू नका. पोलिसांकडेही जाऊ नका. घर आहे, मालक आहे, खोली दुसऱ्याला दिली. ते याला दिवाणी वाद म्हणतील आणि ते बरोबरच असेल. घरच अस्तित्वात नसतं, फोटो चोरीचे असते, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा पैसे गेल्याक्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, कारण रक्कम गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच.

नोटिशीला दाद मिळाली नाही तर तक्रार सांगलीतच दाखल करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. फोंडा घाट उतरून सिंधुदुर्गनगरीला हेलपाटे घालायची गरज नाही. जुन्या, १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती आणि सहलीच्या तक्रारी बहुतेक तिथेच मरायच्या. मोबदला, म्हणजे सेवेसाठी दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. वकील बंधनकारक नाही. मुदत दोन वर्षांची, पण तेवढी थांबू नका. पैसे यजमानांच्या खात्यातून गेले आणि बोलणं तुमच्या फोनवर झालं, म्हणून तक्रारदार दोघं मिळून व्हा. तक्रारीसोबत शपथपत्र, पुराव्यांची यादी, नोटीस आणि तिची पोच लावा.

समोरच्याला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून जबाबासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर आयोगही मुदत वाढवू शकत नाही. कायदा म्हणतो तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो हे गृहीत धरा. आयोगाची नोटीस पोहोचल्यावर मालक तडजोडीला येण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा ‘पुढच्या वेळी तीन दिवस फुकट राहा’ असं म्हणेल. ते घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही. थोडी रक्कम घेऊन मिटवणार असाल तर पैसे खात्यात येईपर्यंत ‘पूर्ण व अंतिम’ असं काहीही लिहून देऊ नका.

आता गुहागर. तिथे ‘बीच टच’चा अर्थ निराळा. रस्त्याला घर, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीतून पायवाटेनं पुळणीवर, अशी जुन्या घरांची रचना. त्यामुळे सासू-सासऱ्यांना चालायचं किती, हे शब्दांवर सोडू नका. मालकाला व्हिडिओ कॉल करून खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत चालत जायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ झाली तर दुसरं घर बघा.

भाव उतरवायचा असेल तर भाऊबीज घरी करा आणि त्यानंतरच्या सोमवार ते गुरुवारात जा. मुलांची सुट्टी बहुधा असतेच, गर्दी ओसरलेली असते आणि मालक घासाघीस ऐकून घेतो. ‘पावसाळ्यात निम्म्या भावात’ या जाहिरातींपासून सांभाळा. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, जलक्रीडा बंद असतात. जुलैच्या पॅकेजमध्ये ‘बोटिंग समाविष्ट’ लिहिलेलं दिसलं तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा तो आयता नमुना आहे.

पैसे पाठवण्याआधी असा मेसेज टाका :

‘अमुक तारखेला दुपारी १२ ते अमुक तारखेला सकाळी १०, दोन स्वतंत्र खोल्या, दोन्हीत एसी व आत संडास-बाथरूम, चार मोठे व दोन मुलं. खोलीचं भाडं रोज … रुपये, जादा गादी धरून. शाकाहारी थाळी …, सुरमई थाळी …. ॲडव्हान्स एका रात्रीचं भाडं. आम्ही सात दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण परत. तुमच्याकडून खोली मिळाली नाही तर पूर्ण परत. बरोबर असेल तर “मान्य” लिहा.’

‘मान्य’ हा एक शब्द आला की मगच ॲडव्हान्स पाठवा. अंगठ्याच्या चिन्हावर वाद घालता येतो, शब्दावर कमी. पैसे शक्यतो मालकाच्या नावाच्या खात्यातच. दुसऱ्याच्या खात्यावर मागितले तर ‘हे पैसे माझ्या बुकिंगपोटी स्वीकारतो’ अशी एक ओळ मालकाकडून लिहून घ्या. बुकिंग पोर्टलवरून केलंत तर दर थोडा चढा पडेल, पण तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं बंधन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन गर्दीच्या दिवसांत जाणार असाल तर तो चढा दर परवडतो.

आणि निघताना बिलावर जीएसटी लावला तर जीएसटी क्रमांक बघा. रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून दर पाच टक्के आहे. नोंदणी नसलेल्या मालकाला तो घेताच येत नाही.