हॅरिस पार्कमध्ये पहिले घर भाड्याने घेण्यापूर्वी

आई-वडिलांना घेऊन सिडनीला येताना हॅरिस पार्कमध्ये भाड्याने राहावे का, आणि तिथे खाऊगल्लीपलीकडे काही आहे का, असे आपण विचारले आहे. आमची पहिली तीन वर्षे तिथेच गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पश्चिम सिडनीतील पॅरामॅटाच्या अलीकडचे हे स्टेशन. ही भूमी मूळची बुरामट्टागल या आदिवासी लोकांची. जेम्स रूस या शिक्षा पूर्ण केलेल्या कैद्याला १७९२ मध्ये इथल्याच ३० एकरांची सनद मिळाली. पुढच्या वर्षी ती जमीन सर्जन जॉन हॅरिस यांनी विकत घेतली आणि उपनगराला त्यांचेच नाव पडले. त्याच १७९३ मध्ये लष्करी अधिकारी जॉन मॅकार्थर यांनी शेजारी एलिझाबेथ फार्म उभारले आणि लवकरच कलकत्त्याहून आलेल्या ६० बंगाली मेंढ्या घेतल्या. थोडक्यात, इथला भारताशी संबंध डोसा-बिर्याणीच्या कितीतरी आधीचा आहे. रूस-हॅरिस यांची जागा आणि एलिझाबेथ फार्म ही दोन्ही ठिकाणे आज संग्रहालये आहेत आणि ज्येष्ठांना चालत जाण्याजोगी आहेत.

१९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटल्यानंतर या भागात अनेक मॅरोनाइट ख्रिस्ती कुटुंबे आली. आलिस स्ट्रीटवरील त्यांचे चर्च ही आजही इथली सर्वांत भक्कम संस्था आहे, असे माझे मत आहे. भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आले ते नंतर. आपल्यावरील हल्ल्यांच्या निषेधार्थ जून २००९ मध्ये ते याच रस्त्यांवर उतरले होते. मे २०२३ मध्ये मात्र दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत इथल्या ‘लिटल इंडिया’च्या कमानीची कोनशिला अनावृत झाली.

मराठी संस्थांबाबत भ्रमात राहू नका. मराठी असोसिएशन सिडनीचे कार्यक्रम शहरात जिथे सभागृह मिळेल तिथे होतात आणि मुरुगन मंदिरही जवळच्या मेज हिलमध्ये आहे. आई-वडिलांचा दिवस खऱ्या अर्थाने भरून निघाला तो पॅरामॅटा स्क्वेअरमधील ‘फाइव्ह’ या २०२२ मध्ये उघडलेल्या इमारतीतील ग्रंथालयामुळे.

आमचे घर विग्रॅम स्ट्रीटला लागून होते. जुन्या लाकडी बंगल्यांतील उपाहारगृहांची गर्दी शनिवारी मध्यरात्रीपर्यंत ओसरत नसे. त्यामुळे आलिस स्ट्रीटच्या बाजूला घर शोधा आणि करार एक वर्षाचाच करा. घर दाखवण्याची वेळ बहुधा शनिवारी सकाळची असते आणि तेव्हा रस्ता शांत असतो. त्याच रात्री नऊ वाजता पुन्हा तिथे जाऊन उभे राहा आणि मगच अर्ज भरा.