एलएसएचडब्ल्यूमध्ये ३२ जीबीची स्टिक ३१ दिसते, दुकानदाराने फसवलं का?

तुम्ही लिहिलंय की लिनक्स सर्व्हरमध्ये ३२ जीबीच्या चार नव्या रॅम स्टिक घातल्या, हार्डवेअरची यादी देणारं एलएसएचडब्ल्यू हे टूल 'सुडो एलएसएचडब्ल्यू -सी मेमरी' असं चालवलं, तर चारही बँकांपुढे (म्हणजे स्लॉटपुढे) '३१जीआयबी' आलं (जीआयबी म्हणजे १०२४ एमआयबी; रॅमचा जीबी तोच). मग दुकानदाराने कमी रॅम दिली का, आणि या टूलऐवजी दुसरं कुठलं वापरावं?

नाही दिली. या आकड्यावरून तर अजिबातच नाही. ३१ जीआयबीची स्टिक कुणी बनवत नाही, त्यामुळे दुकानदाराला मनात आणूनही ती देता येणार नाही. तुमच्या आउटपुटमध्ये खरा फरक १ एमआयबीचा आहे. तो १ जीआयबीचा दिसतो, कारण बग आणि छपाईची पद्धत अशा दोन गोष्टी एकावर एक बसल्या आहेत.

आधी बग. एलएसएचडब्ल्यू स्टिकला हात लावत नाही. ते बायॉसने (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामने) मेमरीत लिहून ठेवलेला हार्डवेअरचा एसएमबायॉस तक्ता वाचतं, यालाच डीएमआय तक्ताही म्हणतात. त्यात प्रत्येक स्लॉटची एक नोंद असते, प्रकार १७. या नोंदीत बाइट १२ आणि १३ मिळून आकार सांगतात (मोजणी शून्यापासून). १६ बिटांपैकी सर्वांत वरचं बिट एककासाठी राखलेलं असतं: ते ० असेल तर आकडा एमबीत, १ असेल तर केबीत. आकड्यासाठी उरली १५ बिटं, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. आणि ३२ जीबी म्हणजे ३२७६८ एमबी. अवघ्या एकाने हुकलं.

म्हणून एसएमबायॉस २.७ मध्ये पळवाट काढली गेली. जुन्या जागी हेक्स ७एफएफएफ (दशमानात ३२७६७) लिहायचं, त्याचा अर्थ 'खरा आकार इथे नाही, बाइट २८ पासून पुढचे चार बाइट वाचा'. ज्या प्रोग्रामला ही खूण कळते तो पुढे जाऊन ३२७६८ वाचतो. एलएसएचडब्ल्यूच्या जुन्या आवृत्त्यांना ती कळत नव्हती. त्यांनी ७एफएफएफ हाच आकार धरला आणि ३२७६७ एमबी काढलं. १६ जीबीच्या स्टिकवर हा बग कधीच दिसत नाही. ६४ जीबीच्या स्टिकवर मात्र तेच ३१ येतं, आणि मग लोक खरोखर घाबरतात.

आता छपाई. हे टूल आकडा १०२४० पेक्षा मोठा असेल किंवा १०२४ ने निःशेष भागला जात असेल तोवर त्याला १०२४ ने भागत राहतं, आणि बाकी सरळ फेकून देतं. ३२७६७ भागिले १०२४ म्हणजे ३१.९९९, छापलं ३१. राउंडिंग नाही, छाटणी. छोट्या यंत्रांवर '७९३६एमआयबी' असा विचित्र आकडा दिसतो तोही याच नियमामुळे: ७९३६ हा १०२४० पेक्षा लहान आहे आणि १०२४ ने पूर्ण भागलाही जात नाही, म्हणून तो एमआयबीतच थांबतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्याच यंत्रावर बघा. डीएमआयडीकोड हे तोच तक्ता वाचणारं दुसरं टूल. 'सुडो डीएमआयडीकोड -टी १७' चालवा आणि लगेच 'सुडो डीएमआयडीकोड -यू -टी १७' चालवा. दुसऱ्या कमांडने कच्चे बाइट १६-१६ च्या ओळींत येतात. प्रत्येक नोंदीची सुरुवात ११ ने होते, ते १७ चं हेक्स रूप. त्याच्या शेजारचा बाइट म्हणजे नोंदीची लांबी: २२, २८, ५४ किंवा ५सी असं काहीतरी असेल. आता पहिल्या ओळीतला तेरावा आणि चौदावा बाइट बघा: एफएफ ७एफ. उलट्या क्रमाने वाचायचं, म्हणजे ७एफएफएफ. बरोबर त्याच्या खाली, दुसऱ्या ओळीत, तेरावा ते सोळावा बाइट: ०० ८० ०० ००. हेही उलटं वाचा: ८०००, म्हणजे दशमानात ३२७६८. हाच तुमच्या स्टिकचा खरा आकार. ६४ जीबीची असती तर तिथे ०० ०० ०१ ०० दिसलं असतं.

हे बाइट असे दिसले आणि डीएमआयडीकोड '३२ जीबी' म्हणालं, तर दोष एलएसएचडब्ल्यूचा, विषय संपला. 'एलएसएचडब्ल्यू -व्हर्जन' ने आवृत्ती बघा, डिस्ट्रोचं (तुमच्या लिनक्स वितरणाचं) पॅकेज अपडेट करा. डिस्ट्रो इतकी जुनी असेल की नवं पॅकेजच येत नाही, तर एलएसएचडब्ल्यू लिहिणाऱ्या लियोनेल व्हिन्सेंट यांच्या गिटहबवरच्या रिपॉझिटरीतून सोर्स घ्या, 'एसआरसी' फोल्डरमध्ये जाऊन 'मेक' करा आणि तिथूनच 'सुडो ./एलएसएचडब्ल्यू -सी मेमरी' चालवा. सी++ कंपायलर पुरतो. इन्स्टॉल करायची गरज नाही, जुनी प्रत जागच्या जागी राहू दे. दोन्ही आउटपुट शेजारी ठेवलीत की बग डोळ्यांना दिसतो.

आता माझ्या दुखऱ्या जागेकडे येतो. 'दोन टूल्सनी एकच आकडा सांगितला, म्हणजे तो खरा' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय आणि त्यावर इतका भांडलोय की तुमचा प्रश्न वाचताच बोटं शिवशिवली. एलएसएचडब्ल्यू आणि डीएमआयडीकोड हे दोन साक्षीदार नाहीत. दोघंही बायॉसचा एकच तक्ता वाचतात. तक्त्यात चूक असेल तर दोघं एकमताने चुकीचं सांगतील, आणि त्या एकमताचा कागद घेऊन कुणीतरी दुकानदाराच्या डोक्यावर बसेल. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एका सर्व्हर बोर्डावर नेमकं हेच होतं. ३२ जीबीच्या स्टिक, एलएसएचडब्ल्यू ३१ म्हणे, आणि डीएमआयडीकोडही ठामपणे '३२७६७ एमबी' म्हणे. सगळ्यांनी निष्कर्ष काढला की माल खोटा, निघाला बायॉस खोटा. कच्च्या बाइटांत नोंदीची लांबी १बी होती, म्हणजे २७. आकाराच्या जागी ७एफएफएफ, 'पुढे बघा' अशी खूण, पण नोंद पुढे त्या जागेपर्यंत पोचतच नव्हती. दुसरी ओळ अकराव्या बाइटलाच संपत होती आणि विस्तारित आकार बाराव्यानंतर सुरू होतो. बायॉस लिहिणाऱ्याने २.७ ची खूण उचलली आणि नोंदीचा साचा २.३ चा ठेवला. डीएमआयडीकोड विस्तारित आकार वाचण्याआधी लांबी तपासतं. इथे ती कमी भरल्यावर त्याने ७एफएफएफ हाच आकडा धरला, त्यात त्याचं काही चुकलं नाही. अशा वेळी टूल कितीही नवं घ्या, उपयोग नाही. बायॉस अपडेट हाच उपाय, आणि तो मिळेपर्यंत नोंदवहीत त्या यंत्रापुढे शेरा.

म्हणून दुसरा साक्षीदार हवा असेल तर तो दुसऱ्या घरचा हवा. पहिला म्हणजे 'एलएसमेम', यूटिल-लिनक्स पॅकेजमधलं. रूट (प्रशासकाचे अधिकार) लागत नाही. ते डीएमआय तक्त्याकडे बघतही नाही, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) वापरात घेतलेले मेमरीचे ब्लॉक मोजतं. तिथे एकूण ऑनलाइन मेमरी १२८जी आली तर चारही स्टिक पूर्ण आकाराने चालू आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढ्या एका कमांडमध्ये आहे.

'/प्रॉक/मेमइन्फो' मधला मेमटोटल मात्र इथे वापरू नका. कर्नल ४ केआयबीच्या प्रत्येक पानामागे ६४ बाइटांची नोंद ठेवतं, म्हणजे एकूण मेमरीचा चौसष्टावा भाग. १२८ जीआयबीवर २ जीआयबी तिथेच गेले. वर फर्मवेअरने (बायॉसने) राखलेली जागा आणि कर्नल स्वतः. त्यामुळे १२५ च्या आसपासचा आकडा निरोगी यंत्रावरही येतो. एलएसएचडब्ल्यू रूटशिवाय चालवलंत तर हेच होतं: डीएमआयच्या फाइली फक्त रूटला वाचता येतात, म्हणून ते कर्नलला एकूण पानं विचारतं आणि खाली एकही बँक न दाखवता नुसतं 'सिस्टिम मेमरी' छापून मोकळं होतं. वर इशारा देतं, पण तो कोण वाचतो. बँकांच्या नोंदी नसतील तर तो आकडा स्टिकचा नाहीच हे ओळखा.

सुडो असूनही बँका गायब असतील तर वेगळा पेच आहे. जुन्या आवृत्त्या तक्ता '/डेव्ह/मेम' मधून वाचायच्या. सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये असेल तर तो दरवाजा बंद असतो. कर्नल ४.२ पासून तोच तक्ता '/सिस/फर्मवेअर/डीएमआय/टेबल्स' मध्ये मिळतो, पण टूलला तिथे बघायचं माहीत हवं. 'सुडो एसट्रेस -ई ट्रेस=ओपनॅट एलएसएचडब्ल्यू -सी मेमरी' चालवून ते नेमकी कुठली फाइल उघडतं आणि कुठे नकार खातं ते बघा.

एलएसमेममध्येच कमी आलं, समजा ९६ किंवा ६४, तर गोष्ट खरी आहे. तरीही दुकानदार शेवटी. आधी '/प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये 'मेम=' असा काही पॅरामीटर कुणी घालून ठेवलाय का बघा. मग बायॉसमध्ये मेमरी मिररिंग (सगळं दोन जागी साठवणं) चालू आहे का बघा, सर्व्हरवर ते चालू असेल तर वापरायला निम्मीच मिळते. नंतर यंत्र बंद करून स्टिक काढून पुन्हा नीट बसवा आणि बोर्डाच्या माहितीपत्रकातला स्लॉटचा क्रम पाळा. एक स्टिक नीट न बसल्याने ९६ येणं अगदी नेहमीचं.

दुकानदाराचीच परीक्षा घ्यायची असेल तर स्टिकलाच विचारा. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची छोटी चिप असते, डीडीआर४ पिढीच्या स्टिकवर ५१२ बाइटांची. आय२सी-टूल्स पॅकेज घ्या, 'सुडो मॉडप्रोब ईई१००४' करा, मग 'डीकोड-डिम्स'. आकार ३२७६८ एमबी दिसेल, शिवाय रँक, पार्ट नंबर आणि वेगाची श्रेणी. डीडीआर३ ला हा ड्रायव्हर चालत नाही, डीडीआर५ ला एसपीडी५११८ लागतो. फसवणूक झालीच तर ती सहसा आकारात नसते. वेगात असते, किंवा नव्याच्या नावाखाली वापरलेला माल येतो. म्हणून पार्ट नंबर स्टिकरशी ताडून बघा.

वेगावरून आठवलं: एलएसएचडब्ल्यू '३२००मेगाहर्ट्झ' छापतं त्यावरूनही वाद घालू नका. डीडीआर४-३२०० चं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झवर चालतं, ३२०० ही सेकंदाला होणाऱ्या देवाणघेवाणींची संख्या, दशलक्षांत. एकक चुकीचं छापलंय, रॅम ठीक आहे.

दुसरं टूल कुठलं, या प्रश्नाला मला एका नावात उत्तर द्यायचंच नाही. यंत्रात एकूण किती आहे यासाठी एलएसमेम, कुठल्या स्लॉटमध्ये काय यासाठी डीएमआयडीकोड. एलएसएचडब्ल्यू सोडायची गरज नाही, त्याच्या मजकुरावर ग्रेप मारून (शब्द शोधून) मालमत्ता नोंदवही भरायची सवय सोडा. '-जेसन' लावा, म्हणजे आउटपुट प्रोग्रामला वाचता येईल अशा जेसन साच्यात मिळतं, आकार बाइटांत येतो आणि छाटणीचा घोळ टळतो. बग मात्र टळत नाही: बरोबर आकडा ३४३५९७३८३६८, बगवाला ३४३५८६८९७९२. वजाबाकी करा, नेमके १०४८५७६ बाइट, तोच सुरुवातीचा १ एमआयबी. आणि स्क्रिप्ट लिहिताना हे धरून चाला की जुन्या आवृत्त्यांत '-सी' बरोबर जेसन मागितलं तर ऑब्जेक्ट चौकटी कंसांशिवाय मागोमाग येतात आणि पार्सर आपटतो. नव्यांत कंसात यादी येते. दोन्ही झेलायची तयारी ठेवा.

राहिलेल्या सूचना. एसपीडी फक्त वाचायची. 'आय२सीसेट' ने ५० ते ५७ या हेक्स पत्त्यांवर काहीही लिहू नका, स्टिक कायमची आंधळी होऊ शकते. काही सर्व्हरवर एसपीडी वाचायची बस (वाहिनी) बीएमसीच्या, म्हणजे बोर्डावरच्या देखरेख-चिपच्या, ताब्यात असते, तिथे डीकोड-डिम्स रिकामं आलं तर तो स्टिकचा दोष नाही. आउटपुट कुणाला पाठवणार असाल तर '-सॅनिटाइझ' लावा, सीरियल नंबर झाकले जातात.

आणि तुमचा सर्व्हर हा भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर असेल तर स्टिकबद्दल वर लिहिलेलं सगळं विसरा. तिथे तक्ता हायपरव्हायझर (व्हर्च्युअल यंत्रं चालवणारा प्रोग्राम) रचतो. क्यूईएमयू हा असाच एक प्रोग्राम तर बराच काळ कितीही मेमरी दिली तरी १६-१६ जीआयबीचे तुकडे पाडून खोट्या स्टिक दाखवत असे. पण तुम्ही स्वतः हाताने स्टिक घातल्यात म्हणताय, म्हणजे तो प्रश्न नाही.