चौदा डायहायड्रोपिरिडिनं आणि जर्मनीतली पीएचडी

कोल्हापूरला एम.एस्सी.च्या प्रोजेक्टात हान्ट्झ अभिक्रियेनं चौदा डायहायड्रोपिरिडिनं (एक नायट्रोजन असलेल्या सहा अणूंच्या वलयाचे रेणू) केलीस, आणि आता जर्मनीत पीएचडीसाठी ‘एवढ्याशा कामाला तिथं कोण विचारणार?’ असं तू लिहिलंयस. विचारतात गं. फक्त चौदा या आकड्याचं कौतुक करत नाहीत.

माझ्या पीएचडीच्या मुलाखतीत यील्ड, म्हणजे पदार्थ किती टक्के हाती आला, हे कुणी विचारलंच नाही. ‘तुझ्या इमिडॅझोलमधला हा नायट्रोजन काढून तिथं कार्बन घातला तर काय होईल?’ एवढंच विचारलं, आणि मी गप्प बसले. अभिक्रिया पायरीपायरीनं कशी घडते ती मेकॅनिझम पाठ होती. रेणू शरीरात काय करतो याचा विचारच केला नव्हता.

तू तसं करू नकोस. तुझ्याच रेणूंच्या घरातलं निफेडिपिन हे रक्तदाबाचं औषध घे. ऑर्थो-नायट्रोबेन्झाल्डिहाइड, मिथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटचे दोन रेणू आणि अमोनिया, म्हणजे तू केलीस तीच अभिक्रिया. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्ट्झनं ती १८८०च्या दशकात मांडली, आणि बायर कंपनीचं हे औषध १९७५मध्ये बाजारात आलं. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत कॅल्शियम शिरायची वाट ते अडवतं. स्नायू सैल पडतो, रक्तदाब उतरतो. वलयातल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन तसाच राहायला हवा, तिथं मिथाइल बसवलं की गुण घटतो. ऑर्थो, म्हणजे जोडाच्या लगतच्या, जागेवरच्या नायट्रो गटामुळे फिनाइल वलय जवळजवळ काटकोनात उभं राहतं, तेही गुणासाठी लागतं. आणि याच नायट्रोमुळे ते उजेडाला नाजूक आहे : डायहायड्रोपिरिडिनचं पिरिडिन होतं, नायट्रोचं नायट्रोसो, आणि औषध वाया जातं. तुझ्याकडे ऑर्थो-नायट्रोवाला नमुना उरला असेल तर थोडा द्रावणात घेऊन खिडकीत ठेव, दुसरा अंधारात, आणि दोन्हींची टीएलसी (पातळ थरावर मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून दाखवणारी चाचणी) शेजारी शेजारी लाव. प्राध्यापकांना लिहिताना या प्रयोगाबद्दल चार ओळी लिही. चौदा रेणूंच्या यादीपेक्षा त्या ओळी जास्त बोलतील.

पैशांचं म्हणशील तर इथं जर्मनीत पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरीच असते. रसायनशास्त्रात करार सहसा अर्ध्या किंवा दोन-तृतीयांश पदाचा, काम मात्र दिवसभराचं. एकटीचं भागतं. एपीएस प्रमाणपत्र (आपल्या पदवीची कागदपत्रं तपासून देतात ते) तुला लागेल का, हे मात्र व्हिसाच्या आधी नक्की विचारून घे. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं. घर शोधताना आणि डॉक्टरकडे जर्मन लागतं, तेव्हा शिकायला आत्ताच बस.

रेणूंची रचना दाखवणाऱ्या मूळ एनएमआर फायली विद्यापीठाच्या संगणकावरून उतरवून घेतल्यास का? नसतील तर उद्याच जा. आणि चौदांपैकी ऑर्थो-नायट्रोवालं कितवं, तेही कळव.