रमा आत गेली, सुनीता अडकली

प्रश्न: सर, आमच्या वाचनालयाची सभासद यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाईलमध्ये आहे, ती वाचायला पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. टेस्टिंगला फाईलमध्ये नुसतं 'रमा काळे' टाकलं तर स्क्रीनवर टोप्या घातलेली कसली तरी इंग्रजी अक्षरं आली. मग 'सुनीता' टाकलं तर प्रोग्रॅमच बंद, कॅरमॅप कोडेकची एरर! मित्राच्या उबुंटू लिनक्सवर हाच प्रोग्रॅम मस्त चालतो. माझं विंडोज बिघडलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: विंडोज ठणठणीत आहे, फॉरमॅट मारायला घेऊ नका. फाईलमध्ये अक्षरं नसतातच हो, बाइट असतात, म्हणजे नुसते आकडे; कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. यूटीएफ-८ या जगभरच्या लिपींसाठीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजायचं. 'र'चे बाइट ई०, ए४, बी० (हे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीतल्या पद्धतीत लिहिलेत). आता फाईल उघडताना तुम्ही एन्कोडिंग सांगितलं नाही की पायथन विंडोजला विचारतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर विंडोज सांगतं १२५२, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचा जुना तक्ता, त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, मग एका 'र'ची तीन अक्षरं होणारच ना. देवनागरीचं सगळंच ई० ने सुरू होतं म्हणून तो डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी ए सारखा सारखा दिसतो.

सुनीताची गंमत वेगळी. १२५२ च्या तक्त्यात ५ जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट नेमका ८१! हलन्ताचा ८डी, म्हणजे जोडाक्षर आलं की खेळ खलास, आणि ए, ऐ, झ पण यातच सापडतात. 'रमा काळे'मध्ये यातलं काहीच नाही, म्हणून ती कचरा होऊन का होईना आत गेली.

उपाय एका ओळीचा. फाईल उघडणाऱ्या ओपन फंक्शनमध्ये फाईलच्या नावानंतर एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ द्या. यादी एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केली असेल तर यूटीएफ-८-सिग द्या, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला एक न दिसणारं चिन्ह चिकटतं आणि 'नाव' कॉलम समोर असून सापडत नाही म्हणून डोकं खाजवत बसाल.

नेटवर कुणीतरी हमखास सांगेल की ओपनमध्ये एरर्सला इग्नोर टाका, म्हणजे न जमणारे बाइट सोडून द्या. अजिबात ऐकू नका. एरर जाते पण तो ८१ बाइटही जातो. नुसता कचरा झालेला मजकूर १२५२ मध्ये परत एन्कोड करून यूटीएफ-८ ने डिकोड केला की मूळ मराठी मिळतं, पण बाइटच गळला असेल तर तो उकार गेला तो गेलाच.

प्रश्न: पायथनमध्ये 'क्ष'ची लांबी ३ का येते? अक्षर तर एकच आहे.
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: क, हलन्त, ष. लेन हे लांबी मोजणारं फंक्शन चिन्हं मोजतं, आपल्या डोळ्याला दिसणारं अक्षर नाही. यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून मोजलंत तर ९ बाइट. त्यामुळे फॉर्ममध्ये नावाला मर्यादा घालताना हात सढळ ठेवा, आणि डेटाबेसमध्ये कॉलमची साईझ बाइटमध्ये द्यायची असेल तर सरळ तिप्पट धरा.